तीन वर्षांच्या प्रकल्पात न मावणारा शोध: केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.ला पदार्थविज्ञान शिकवतो. जड अणुकेंद्रांच्या टकरींतून अणुद्रव्याचं, म्हणजे अणुकेंद्रं ज्याची बनतात त्या द्रव्याचं, अवस्थांतर शोधण्याच्या कामात भारत सुरुवातीपासून आहे. तिथे आपली माणसं टिकावीत, एवढ्याचसाठी हे पत्र.

पाणी 374 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की द्रव आणि वाफ हा भेदच उरत नाही. ही सीमारेषा संपते तो क्रिटिकल पॉइंट. अणुद्रव्यालाही असा बिंदू असावा असा कयास आहे. सुमारे 1.8 लाख कोटी केल्विनला प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळून त्यांच्या आतले क्वार्क आणि ग्लुऑन हे कण मोकळे होतात. घनता नगण्य असेल तर हा बदल सावकाश होतो, हे महासंगणकांवरच्या गणितानं दाखवलंय. घनता वाढली की ठळक सीमा उमटते का, हे मात्र टकरीच सांगणार.

अमेरिकेत ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या ‘रिक’ कोलायडरमध्ये (कण आदळवणाऱ्या यंत्रात) सोन्याची अणुकेंद्रं वेगवेगळ्या ऊर्जेला आदळवली गेली. प्रत्येक टकरीतल्या प्रोटॉनांमधून प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनचे विरुद्ध भाराचे जोडीदार) वजा करायचे आणि लाखो टकरींचा आलेख मांडायचा. क्रिटिकल पॉइंटची खूण या आकड्याच्या टकरीगणिक होणाऱ्या चढउतारांत शोधायची, आणि सगळी गोम त्या आलेखाच्या शेपटीत, म्हणजे क्वचित येणाऱ्या टोकाच्या आकड्यांत असते. वर्गात आम्ही कृत्रिम आकडे घेऊन हाच आलेख काढतो. शेपटीतले चार ठिपके खोडले की शेपटीचा जडपणा मोजणारी चौथ्या क्रमाची राशी कुठल्या कुठे जाते, हे मुलं डोळ्यांनी बघतात. डिटेक्टरची कार्यक्षमता जराशी चुकीची धरली तरी खोटा संकेत उभा राहतो. म्हणून प्रत्येक आकडा पुन्हापुन्हा तपासावा लागतो.

रिकवरच्या स्टार प्रयोगानं 2010 मध्ये या मोजणीची पहिली फेरी सुरू केली, दुसरी 2021 मध्ये संपली. तिचे प्रोटॉनांच्या चढउतारांचे निष्कर्ष 2025 मध्ये छापून आले. 20 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) टक्कर-ऊर्जेच्या आसपास आकडे क्रिटिकल पॉइंट न धरणाऱ्या गणितांपेक्षा खाली येतात. संकेत जोरदार आहे, शिक्कामोर्तब अजून नाही. पंधरा वर्षांचं हे काम तीन वर्षांपुरतं अनुदान मिळणाऱ्या प्रकल्पात कसं बसवायचं?

स्टार आणि युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या ॲलिस या प्रयोगांसाठी फोटॉन मोजणारा डिटेक्टर भारतीय गटांनी बनवला. जर्मनीत डार्मश्टाटला उभ्या राहणाऱ्या ‘फेअर’ या कणत्वरक केंद्राचे आपण 2010 पासून भागीदार आहोत, तिथल्या सीबीएम प्रयोगाच्या म्युऑन कण टिपणाऱ्या यंत्रणेत आपला मोठा वाटा आहे. यंत्रासाठी पैसा उभा राहतो. विदा (डेटा) चाळणाऱ्या मुलांचं काय? माझी एक हुशार विद्यार्थिनी पाठ्यवृत्ती महिनोन्‌महिने रखडल्यावर हिंजवडीच्या एका कंपनीत गेली. तिला दोष कसा देऊ? घरभाडं दर महिन्याला द्यावंच लागतं.

फेअरची विदा येण्याआधीच माणसं तयार हवीत. म्हणून विनंती अशी: या प्रयोगांसाठी आठ-दहा वर्षांची पदं काढा, पाठ्यवृत्ती दरमहा ठरल्या तारखेला जमा करा. आणि राज्य विद्यापीठांच्या महाविद्यालयांनाही दार उघडा. पुण्यातल्या आयसर या विज्ञान संस्थेच्या परम ब्रह्म महासंगणकावर आमच्या मुलांना थोडा वेळ राखून मिळाला, तर पुढच्या सत्रापासूनच कामाला लागता येईल.

आपला,
पदार्थविज्ञानाचा एक प्राध्यापक, पुणे