ग्रंथोत्सवातला एक दिवस उद्याच्या जगासाठी द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : जिल्हा ग्रंथोत्सवात कृष्णवर्णीय लेखकांच्या विज्ञानकथेसाठी एक दिवस ठेवण्याबाबत.

महोदय,

सार्वजनिक ग्रंथालयं आपल्या खात्याकडे येतात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. मी बीड जिल्ह्यातल्या एका 'क' वर्ग ग्रंथालयाची ग्रंथपाल आहे.

काही वर्षांपूर्वी, जानेवारीत, मुलीकडे न्यू जर्सीला गेले होते. तिने मला न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतलं शॉम्बर्ग सेंटर दाखवायला नेलं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाची ही शाखा १३५व्या रस्त्यावर आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले, ते तिथून वीसेक गल्ल्यांवर. त्या दिवशी तिथे कृष्णवर्णीय चित्रकथाकारांचा मेळा भरला होता. २०१३ पासून हा मेळा भरवला जात होता आणि प्रवेशाला पैसे नव्हते. लेखक-चित्रकार आपापल्या टेबलांवर स्वतःची पुस्तकं मांडून बसले होते. कुणी अंतराळवीर, कुणी भलत्याच ग्रहावरची राणी, अशा वेशात मुलं हिंडत होती. या ग्रंथालयाच्या दालनात, फरशीखाली, कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या अस्थी आहेत. सात-आठ वर्षांची एक मुलगी चंदेरी हेल्मेट घालून त्या फरशीवरून पळत गेली, तेव्हा मला माझ्या वाचनकक्षातली मुलं आठवली आणि घशाशी काहीतरी आलं.

कृष्णवर्णीयांनी कथा, चित्रं, संगीत यांतून स्वतःचं उद्याचं जग रंगवायचं, या सगळ्याला तिकडे 'आफ्रोफ्युचरिझम' म्हणतात. हा शब्द १९९०च्या दशकात मार्क डेरी या समीक्षकाने रूढ केला. त्याचा प्रश्न साधा होता : ज्यांचा भूतकाळ मुद्दाम पुसून टाकला गेला, त्यांनी भविष्याची कल्पना कशाच्या आधारावर करायची? लोकांनी उत्तर द्यायला मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती. अलाबामात जन्मलेला सन रा हा संगीतकार आपण शनी ग्रहावरून आलो असं सांगत वाद्यवृंद घेऊन गावोगाव वाजवत फिरला. पुढे मोठ्या संस्थाही आल्या. कार्नेगी हॉलने २०२२ मध्ये यावर महोत्सव केला, स्मिथसोनियनच्या वॉशिंग्टनमधल्या संग्रहालयाने २०२३ मध्ये प्रदर्शन मांडलं.

आता आपल्याकडचं सांगते. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे, हे त्यात होतं. ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती तिकडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचं नाव घेऊन. म्हणजे दीडशे वर्षं आपण त्यांचं दुःख आणि त्यांचं बंड मराठीत आणत आलो, आणि त्यातून आपल्या लिहिण्याला बळ मिळालं. त्यांचं स्वप्न मात्र आपण आणलं नाही. त्यांनी रंगवलेलं उद्याचं जग तिकडेच राहिलं. माझ्या कपाटात दलित आत्मकथनं आहेत, नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत. या दोन फळ्यांच्या मध्ये जे असायला हवं, त्याची जागा रिकामी आहे.

बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिलं, त्याच ड्यू बॉइसनी १९२० मध्ये 'द कॉमेट' ही विज्ञानकथा छापली होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल. जिम हा बँकेतला कृष्णवर्णीय निरोप्या. जिथे दुसऱ्या कुणाला पाठवणं धोक्याचं, अशा खोल तळघरात त्याला जुनी कागदपत्रं आणायला धाडतात. तो वर येतो तेव्हा धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मेलेलं असतं. भुकेला जिम एका बड्या हॉटेलात शिरतो, स्वतःच वाढून घेतो आणि पुटपुटतो, की काल इथे मला कुणी वाढलं नसतं. साहेब, गावच्या हॉटेलाबाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपात ज्यांच्या आजोबांनी चहा घेतला, त्या वाचकाला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. पुढे त्याला जिवंत राहिलेली एक श्रीमंत गोरी तरुणी भेटते. जगात दोघंच उरलीत असं वाटतं, तेवढ्यापुरती दोघांमधली भिंत पडते. शहराबाहेरची माणसं परत आली, की ती पुन्हा उभी राहते.

ड्यू बॉइस १९६३ मध्ये वारले. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं लेखनावरचा हक्क (कॉपीराइट) राहतो. म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून ही कथा मराठीत आणायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरं नाव कृष्णवर्णीय विज्ञानकथा-लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांचं. १९४७ मध्ये पासाडेनात जन्म, आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी. आईला मागच्या दाराने आत जाताना या मुलीने पाहिलं होतं. १९९३ मध्ये त्यांनी २०२४ सालच्या कॅलिफोर्नियावर कादंबरी लिहिली. तीत जागोजाग वणवे आहेत आणि पाणी पेट्रोलहून महाग झालेलं आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या तालुक्याला ही गोष्ट परकी वाटेल का? नासाने २०२१ मध्ये मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स यानाच्या उतरण्याच्या जागेला त्यांचं नाव दिलं.

गेल्या वर्षी मी जिमची गोष्ट मुलांना माझ्या मराठीत सांगितली आणि शंभर वर्षांनंतरचं आपलं गाव काढायला लावलं. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याची एक मुलगी आजीजवळ राहते. तिने आठ चाकांची शाळा काढली. ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, जिथे पडतील तिथे शाळा मागोमाग जाते, आणि मुकादमाला तिच्यात शिरायला बंदी आहे. चित्र मी भिंतीवर लावलं आहे.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक जिल्ह्यात ग्रंथालय संचालनालयाचा ग्रंथोत्सव होतो. ग्रंथदिंडी निघते, परिसंवाद होतात, आणि मुलं बहुतेक करून दिंडीपुरतीच असतात. त्यातला एक दिवस या कथांच्या अभिवाचनाला, चित्रांना, शाहिरांना आणि वेशभूषा करून येणाऱ्या मुलांना द्या. सुरुवात मराठवाड्यापासून करा. इथल्या खडकीत, पुढच्या औरंगाबादेत, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबर नावाच्या हबशी, म्हणजे आफ्रिकी, माणसाने नवं शहर वसवलं आणि जमिनीखालून नहर आणून त्याला पाणी दिलं.

'द कॉमेट'च्या भाषांतराचा खर्डा मी तयार केला आहे. तो तपासायला एक जाणकार भाषांतरकार द्यावा आणि ग्रंथोत्सवाच्या तारखा ठरण्याआधी उत्तर कळवावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल, जिल्हा बीड