आप्पा, तिसरा फलक बदलला

अमळनेर, जि. जळगाव

आदरणीय आप्पांस,
सप्रेम नमस्कार.

टेहळणी वैमानिकांवरच्या प्रदर्शनात तिसऱ्या फलकावर ‘तोफा चुकवत, गिरक्या घेत फोटो टिपले’ असं छापलं होतं. तुम्ही ते पेन्सिलीनं खोडलंत आणि शेजारी एकच शब्द लिहिलात : सरळ. हवाई दलाच्या फोटो विभागात नोकरी केलेल्या माणसालाच ती चूक दिसली. त्या शब्दाचे, आणि तो समजावून सांगण्यात घातलेल्या तुमच्या तीन दुपारींचे, हे जाहीर आभार.

फलकावर आता असं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशावर फोटो काढायला कोलकात्याजवळच्या डमडमहून ब्रिटिश हवाई दलाच्या ६८१ स्क्वाड्रनची विमानं जात. त्यातल्या स्पिटफायर पीआर ११ या फोटो-टेहळणीच्या विमानावर बंदूक एकही नाही. पंखांच्या पुढच्या कडेत दोन्ही बाजूंना ६६-६६ गॅलन, म्हणजे सुमारे ३००-३०० लिटर, जादा पेट्रोल. वैमानिकाच्या मागे ३६ इंच नाभीय अंतराच्या (भिंगापासून फिल्मपर्यंतच्या) भिंगाचे दोन एफ-५२ हवाई कॅमेरे, तोंड खाली. ३६ इंच म्हणजे ३ फूट, आणि विमान ३०,००० फुटांवर. प्रमाण १:१०,०००. फोटोतला १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर. भुसावळ यार्डाचा असा फोटो घेतला तर ब्रॉडगेजच्या रुळांमधलं १.६७६ मीटर अंतर जेमतेम ०.१७ मिलिमीटर भरेल. रावेरकडच्या दीड-दीड मीटरवर लावलेल्या केळीच्या ओळी त्याहून दाट दिसतील. भिंग लावल्याशिवाय दोन्हीचा पत्ता लागायचा नाही.

आता ‘सरळ’बद्दल. लागोपाठच्या दोन फोटोंत ६० टक्के जमीन सामाईक हवी, तरच स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन डोळ्यांना दोन फोटो एकदम दाखवणाऱ्या भिंगांच्या जोडीखाली, उंच-सखल कळतं. निगेटिव्हची ७ इंची बाजू उडण्याच्या दिशेला धरली, तर एका फोटोत १,७७८ मीटर जमीन येते आणि पुढच्या फोटोपर्यंत ७११ मीटर पुढे सरकायचं. जमिनीच्या हिशेबानं वेग ताशी ५७६ किलोमीटर असेल, तर साधारण दर साडेचार सेकंदांना एक फोटो. वाऱ्याचा अंदाज चुकला आणि पाठीवरचा वारा जोरात निघाला, की सामाईक भाग घटतो, पार फटीसुद्धा पडतात. पंख एक अंश कलला, की फोटोचा मध्य जमिनीवर सुमारे ५२४ फूट सरकतो. म्हणून ओळीनं फोटो घ्यायला सुरुवात झाली की खालून तोफा फुटोत, वळायचं नाही. त्यातून वैमानिकाला विमानाच्या पोटाखालचं दिसतही नाही! शेपटीमागे पांढरा पट्टा उमटू लागला तर शत्रूला आयती खूण मिळते. तो टाळायला वर-खाली व्हावं, तर प्रमाण बिघडतं.

परत येतानाचं दुखणं वेगळंच. वरच्या थंडीत गारठलेला कॅमेरा पावसाळी हवेत उतरला, की भिंगावर दव. मग डार्करूम. डेव्हलपर २० अंशांच्या आसपास हवा. पाणी फार तापलं तर फिल्मवरचा थर फुगून सुटतो, म्हणून बर्फ. मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, त्यामुळे हे इथे कुणाला वेगळं समजवावं लागत नाही.

विंग कमांडर जगमोहन नाथ यांचा फलक तुम्ही जसाच्या तसा ठेवायला सांगितलात. कॅनबेरा विमानं, १९६२ आणि १९६५ अशी दोन महावीर चक्रं, आणि दोनदा मिळवणारे ते पहिले. एवढंच पुरे, विशेषणं नकोत, असं तुम्ही म्हणालात, पटलं.

सावलीचा धडा मात्र मुलांनीच पक्का केला. छायाचित्र उलटं ठेवलं, की सावल्या आपल्यापासून लांब पडतात आणि खड्ड्याचा उंचवटा होतो. तापीचं पात्र पाहून एका पोरानं विचारलं, “हाई धरण शे का?” आता प्रत्येक छायाचित्रावर लाल बाण काढलाय, सावली बघणाऱ्याकडेच पडायला हवी.

तुमचा स्टिरिओस्कोप डब्यात जपून आहे. काचेला कापड लावत नाही, तुम्ही दिलेला उंटाच्या केसांचा ब्रशच फिरवतो. ८ ऑक्टोबरला, हवाई दल दिनी, प्रदर्शन पुन्हा उघडतंय. त्याआधी एकदा येऊन पाचव्या फलकावरची प्रमाणपट्टी तपासून द्याल का? ती आम्हाला अजून थोडी आखूड वाटते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
प्रदर्शनाची मंडळी