मोजणीकाका, ही आमची पोच

आदरणीय मोजणीकाका,

साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळतोय. गावाचंही लिहीत नाही, कारण मुंबई-गोवा महामार्गावरच्या आपल्या नाक्याचं नाव घेतलं, की दक्षिण रायगडात शेंबडं पोरही तुमच्या घराकडे बोट दाखवील.

गेल्या वर्षीच्या श्रावणात तुम्ही सहज चहाला आलात. आई बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती आणि सालं टाकायला खाली पेपर पसरला होता. तुम्ही चष्मा वर केलात, हाताने सालं बाजूला सारलीत आणि म्हणालात, "अरे, हा तुझा गट नंबर ना?" बायपासच्या भूसंपादनाची जाहिरात होती ती. बारीक टाइपात नुसते गट नंबर आणि हेक्टर-आर. घरात कुणी वाचलीच नव्हती.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६. कलम ३-ए ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाली, की २१ दिवसांत ३-सी खाली लेखी हरकत घ्यायची. हे आम्हाला कोण सांगणार होतं? तुम्ही तर पुढचंही सांगितलंत, "दिवस राजपत्राच्या तारखेपासून धरा, पेपरच्या नको." बोटांवर मोजलं तर नऊ दिवस गेलेले.

मग ओसरीवर रोज संध्याकाळी बैठक. प्रत्येकाचं रडगाणं वेगळं. जमिनीला भाव काय मिळणार, हेच बहुतेकांच्या तोंडी. तुम्ही सरळ खोडून टाकलंत. "इथे भावाचा शब्द नको. मोबदल्याची वेळ निवाड्याला येते. आत्ता फक्त एवढंच सांगायचं, की ही जमीन या कामाला का घेऊ नये." नाक्यावरचे हॉटेलवाले, शहाळेवाले आले, बायपास झाला तर आमचं गिऱ्हाईक तुटेल म्हणून. त्यांना तुम्ही वेगळं निवेदन द्यायला लावलंत, कारण जमीन त्यांची जात नव्हती. दोघेतिघे फुगून निघून गेले. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याने चार माणसं तोडली. आता कळतं, की आमची हरकत त्यामुळेच हरकत राहिली, गाऱ्हाणं झाली नाही.

माझा भाऊ डोंबिवलीला असतो. फोनवर तो भडकलाच होता. "चार खाचरांसाठी अख्ख्या कोकणाची वाट अडवताय!" त्याचंही खोटं नव्हतं. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, तेव्हापासून दर गणपतीला त्याची अर्धी रजा रस्त्यातच जाते. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, नाका तुंबतो त्या दिवसांवर लाल पेन्सिलने खूण कर. गणपतीचं जाणं-येणं, शिमगा, मे महिन्यातले शनिवार-रविवार, वर्षअखेर. खुणा करून झाल्यावर पानं चाळलीत. "आणि उरलेल्या दिवशी?" उरलेल्या दिवशी रस्त्यावर कुत्री झोपतात, हे दोघांनाही माहीत होतं. मग नाक्यावर उभं करून दाखवलंत, की स्टँडमधून वळणारी एसटी सगळा रस्ता कशी अडवते, दोन्ही अंगांना रिक्षा कशा लागतात. हरकतीत तेही लिहिलं. पण "एवढं केलं की कोंडी सुटेल" हे माझं वाक्य तुम्ही कापलंत. सुटणार नाही, म्हणालात.

माझ्या मुलाने कुठूनतरी वाचून आणलं होतं, की याच ६६ नंबरच्या महामार्गावर, केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या कीळाट्टूरच्या शेतकऱ्यांनी भातशेतीतून जाणाऱ्या बायपासविरुद्ध लढा दिला होता. स्वतःला ते शेतातली पाखरं म्हणवून घेत. पोरगं भारावलेलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि त्याला विचारलंत, "आपल्या खाचरातलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, सांग बघू?" त्याला येईना. मलाही धड येईना.

दुसऱ्या दिवशी भर पावसात तुम्ही आलात. चपला बांधावर काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, छत्री मुलाकडे दिली. जिथून बायपासचा भराव जाणार त्या रेषेत पाच ठिकाणी बांबूच्या काठ्या रोवल्या, प्रत्येकीवर चुन्याच्या रेघा. रात्री धो धो कोसळला. सकाळी रेघांवर चिखलाचा पट्टा उमटलेला. तुम्ही टेप लावलीत, मुलाने फोटो काढले. डोंगराकडून येणारं सगळं पाणी आमच्या सहा खाचरांतून उतरून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला मिळतं आणि त्या भरावात पाणी जायला आडवी मोरी दाखवली होती एकच, तीही चढाच्या बाजूला. भात तर कुजलंच असतं, पण वरच्या अंगाला पाणी तुंबून राहिलं असतं म्हणजे भातानंतर ओलीवर वालही पेरता आला नसता.

आणि तो शेवटचा दिवस! गणपती दोन दिवसांवर. हरकती घेऊन तालुक्याला निघालो आणि त्याच कोंडीत अडकलो. तुम्ही फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घातलीत, रिक्षातून उतरलात आणि चालू लागलात. एका गाडीतून कुणीतरी आपुलकीने विचारलं, "काका, पावसात कुठे?" तुम्ही म्हणालात, "टपाल टाकायला." मी मागे हसू दाबत होतो. खिडकीवर पोचल्यावर तिथल्या कारकुनाने पोच द्यायला नाही म्हटलं. तुम्ही वाद घातला नाहीत. बाकावर बसलात आणि शिक्का मिळेपर्यंत हललाच नाहीत.

सुनावणीहून परतताना एसटीत तुम्ही जे बोललात ते मी भावाला सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. "माझं विचारशील तर बायपास व्हायला हवा. पण हा असा नाही. आणि तुमची हरकत नीट लिहिलेली असावी, एवढंच माझं काम." म्हणजे महिनाभर तुम्ही ज्यांच्यासाठी खपत होतात त्यांच्याशी तुमचं मत जुळतच नव्हतं. काका, त्या रात्री मला झोप आली नाही.

परवा कळलं. वर्ष उलटलं तरी ३-डी ची, म्हणजे जमीन सरकारकडे गेल्याची, घोषणा निघाली नाही, त्यामुळे ती अधिसूचना आपोआप बाद झाली. वाडीत पेढे वाटले. आमच्या हरकतींमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर तुम्ही ते वाक्य कापाल. नवी अधिसूचना केव्हाही निघू शकते हेही तुम्हीच बजावलंय. फाईल ट्रंकेत आहे, फोटोंसकट. यंदा मुलाने काठ्या स्वतः रोवल्या.

भाऊ गणपतीला येतोय. तुमच्या पाया पडायचंय म्हणतो, वेळेत पोचला तर.

सोबत पाच किलो वाल पाठवतोय, त्याच खाचरातले. पिशवीवर गट नंबर लिहिलाय. मिळाल्याची पोच द्यावी.

आपला,
ओसरीवाला