सूचना : सोलरच्या करारावर सही करण्याआधी

कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या सर्व मराठी कुटुंबांना नमस्कार.

आपलं शहर समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरवर. ऊन कडक, हवा थंड, आणि पॅनेलला हेच मानवतं. ते तापलं की वीज घटते. म्हणून सोलर जरूर बसवा, पण घाई नको.

फोर्ट कार्सन, पीटरसन या लष्करी तळांवरच्यांनी विशेष लक्ष द्या. बदलीचा हुकूम कधीही येतो. पॅनेल लीजवर असतील तर घर घेणाऱ्याला सहसा तो करार स्वीकारावा लागतो. तो नाही म्हणाला की व्यवहार अडू शकतो. जमत असेल तर विकतच घ्या.

छप्पर आधी तपासून घ्या. गारपिटीनंतर आमचं छप्पर खालून ठणठणीत दिसत होतं. वर चढल्यावर शिंगल्सवर बोटाच्या पेराएवढे काळे खड्डे सापडले. पॅनेल बसल्यावर छप्पर बदलायचं म्हणजे सगळं उतरवून पुन्हा चढवायचा खर्च वेगळा.

स्वतःच्या घरासाठी विकत घेतलेल्या सोलरवरची केंद्राची ३० टक्के करसवलत ३१ डिसेंबर २०२५ला संपली. दारावर येणारा विक्रेता ती धरून हिशेब मांडत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

कोटेशन आलं की ग्रुपवर टाका, आपण मिळून वाचू.