गलाईवाल्या मामांना, रोजमेळ परत करण्याआधी

मामा, सप्रेम नमस्कार.

हे तोंडावर बोलायला गेले असते तर तुम्ही "गप ए, चहा पी आधी" म्हणून विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. मामींना वाचून दाखवा. त्यांचेही आभार आहेतच. महिनाभर माझ्यामुळे त्यांची दुपारची झोप गेली.

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात चिठ्ठ्या टाकून विषय वाटतात. माझ्या वाट्याला आलं, 'गेलेली स्वायत्तता परत मिळवण्यासाठी प्रादेशिक पक्ष एकत्र येतात तेव्हा'. खाली कंसात जम्मू-काश्मीर. दिवसभर बँकेत व्हाउचर तपासणारी मी. मोबाइलवर चार पानं वाचली, जिकडेतिकडे 'गुपकार आघाडी', आणि तुमच्या दारात येऊन पहिला प्रश्न विचारला, "मामा, हे गुपकार कोण हो?" तुम्ही चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसलात. "अगं बाई, त्यो माणूस न्हवं, रस्ता हाय!"

श्रीनगरातला तो रस्ता, त्यावरचे पुढाऱ्यांचे बंगले, दारावरचे बंदूकवाले हे तुम्ही रोजच्या नजरेनं सांगितलंत. खानापूर-आटपाडी पट्ट्यातली आपली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, त्यातले काही थेट झेलमच्या काठावर पोहोचले, हे ऐकून माहीत होतं. तुमच्याशी बोलले तेव्हा ते खरं वाटलं. तीस वर्षं लाल चौकाजवळच्या गल्लीत भट्टी लावून बसलेला माणूस माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो आणि मी मोबाइलवर शोधत होते!

माझ्या टिपणाची सुरुवात 'सर्वपक्षीय कृती समिती' अशी होती. आपल्या कोल्हापुरात दोन झेंडे एका मांडवाखाली आले की हाच फलक लागतो. टोलच्या वेळी लागला, सर्किट बेंचसाठी लागला. तुम्ही माझ्याच पेनानं ती ओळ खोडलीत. म्हणालात, टोलची माणसं संध्याकाळी घरी जेवायला जायची. तिथं ४ ऑगस्ट २०१९ ला त्याच गुपकार रस्त्यावर, नॅशनल कॉन्फरन्सच्या फारूक अब्दुल्लांच्या घरी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष बसले, राज्याच्या ओळखीला, स्वायत्ततेला हात लावू देणार नाही असा ठराव केला, आणि त्याच रात्री धरपकड सुरू झाली. दुसऱ्या दिवशी संसदेत कलम ३७० चा, म्हणजे राज्याला वेगळा दर्जा देणाऱ्या कलमाचा विषय आला. फारूक सात महिने अडकले, पीडीपीच्या मेहबूबा मुफ्ती चौदा. त्या १३ ऑक्टोबर २०२० ला सुटल्या आणि दोनच दिवसांत ह्या पक्षांची गुपकार आघाडी जाहीर झाली. ह्याच मेहबूबा २०१८ पर्यंत भाजपच्या साथीनं मुख्यमंत्री होत्या, हे मी तीन ठिकाणी तपासलं. विश्वासच बसेना.

पण आभार मानायचे ते मुख्यतः एका प्रश्नासाठी. मी सारखं "स्वायत्तता गेली, स्वायत्तता गेली" म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "गेली गेली काय, घरात चोरी झाली तर पोलीस यादी मागतो. काय काय गेलं ते लिही." मग बँकेच्या रद्दी व्हाउचरच्या पाठीवर आपण यादी केली. नांगराचं चित्र असलेला लाल झेंडा. १९५७ पासून लागू असलेलं वेगळं संविधान. जमीन आणि सरकारी नोकरी कुणाला, हे ठरवण्याचा अधिकार, म्हणजे ३५-अ. आणि शेवटी राज्यच, कारण ३१ ऑक्टोबर २०१९ पासून त्याचे जम्मू-काश्मीर आणि लडाख असे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. शेजारी तुम्ही दुसरा रकाना पाडायला लावलात : त्याआधीच काय गेलं होतं. वजीर-ए-आझम, म्हणजे राज्याचा स्वतःचा पंतप्रधान, हे पद १९६५ मध्येच गेलं. त्या पदावरच्या शेख अब्दुल्लांना तर १९५३ मध्येच गादीवरून उतरवून तुरुंगात टाकलं होतं. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला तेव्हा मला माझ्या भाषणातलं अर्धं रडगाणं कापावं लागलं.

तिसरा रकानाही तुमचाच. ३५-अ मुळे तुम्हाला तीस वर्षांत तिथं एक खोली विकत घेता आली नाही, कायम भाडं. १९५७ मध्ये पंजाबातून आणलेल्या वाल्मिकी सफाई कामगारांच्या नातवंडांनाही झाडूशिवाय दुसरी सरकारी नोकरी बंद होती. मग झालं ते बरंच झालं का, असं मी विचारलं. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "घर घ्यायचा अधिकार मला मिळाला, पण मला विचारून कुणी दिला न्हाई आणि त्यांचा काढून घेतला त्यो त्यांना इचारून न्हाई." माझं मत तुमच्यापेक्षा कडक आहे. तिथली विधानसभा बरखास्त असताना असा निर्णय घेणं मला आजही पटत नाही, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये तो वैध ठरवला तरी. ह्यावर आपलं दोनदा वाजलं. मामींनी दोन्ही वेळा भजी तळली.

आणि तो रोजमेळ, तुमच्या श्रीनगरच्या दुकानाची रोजच्या हिशोबाची वही. किती तोळे आले, किती चोख निघालं, तेजाबाचा (ॲसिडचा) खर्च, आणि दुकान बंद त्या दिवशी फक्त फुली. सप्टेंबर २०१४ ला फुल्यांची रांग आहे, झेलम दुकानात शिरली तेव्हाची. ५ ऑगस्ट २०१९ पासून पानंच्या पानं फुल्या. मी तारखा बघत होते आणि एकदम थांबले, कारण त्याच आठवड्यात आपली पंचगंगा इशारा, धोका सगळं ओलांडून पंचावन्न फुटांच्या वर गेली होती. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती वाहून गेलेल्या, मामी पोरांना घेऊन वरच्या मजल्यावर. तिकडं मोबाइल बंद, लँडलाइन बंद. तुम्हाला इथं पूर आलाय हे ठाऊक नाही, मामींना तुम्ही जिवंत आहात की नाही हे ठाऊक नाही. जम्मूला पोहोचलेल्या एका ट्रकवाल्यानं फोन केला तेव्हा मामींनी पहिलं वाक्य म्हटलं, "त्यांना सांगा, भिंत पडली पण आम्ही हाय." हे तुम्ही सांगितलंत तेव्हा हसत होतात. मामी आत निघून गेल्या.

आघाडी का टिकली नाही, हे मला पुस्तकी भाषेत लिहायचं होतं. डिसेंबर २०२० च्या जिल्हा विकास परिषदांमध्ये आघाडीला २८० पैकी ११० जागा मिळाल्या, एकटा पक्ष म्हणून भाजप ७५ घेऊन पहिला, आणि जानेवारीत आघाडीतले पीपल्स कॉन्फरन्सचे सज्जाद लोन बाहेर पडले, मित्रपक्षांनीच आपल्याविरुद्ध डमी उमेदवार उभे केले म्हणून. तुम्ही मूस दाखवलीत, सोनं वितळवायचं भांडं, माळ्यावर ठेवलेली, कडेला काळी पडलेली. आगीत सोनं-चांदी एक होतात, कुणाचं कुठलं ते सांगता येत नाही. पण तेजाबात टाकलं की चांदी विरघळते आणि सोनं तळाला बसतं. निवडणूक म्हणजे तेजाब, एवढंच म्हणून तुम्ही मूस परत कापडात गुंडाळलीत. यातलं सोनं कोण आणि चांदी कोण, ते मात्र तुम्ही सांगितलं नाही. २०२४ च्या विधानसभेला नॅशनल कॉन्फरन्सनं ४२ जागा घेतल्या आणि पीडीपी वेगळी लढून तीनवर आली, तेव्हाही तुम्ही फक्त मान हलवलीत म्हणे. भाच्यानं फोनवर निकाल सांगितला होता.

भाषण कसं झालं ते तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकलंतच. शेकापचे जुने आजोबा उठून म्हणाले, ही तर आमची संयुक्त महाराष्ट्र समितीच, तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप सगळे १९५६ ला एकत्र आले, १९६० ला राज्य मिळालं आणि समिती विस्कटली, इथपर्यंत साम्य आहेच. तुमच्या यादीमुळे मला फरक सुचला. समिती जे मागत होती ते आपल्या हातात कधी नव्हतंच. त्यांच्या हातात होतं, ते गेलं. मग कुणीतरी आपल्या संस्थानाचं काढलं. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, आपण कुठं परत मागतो? मी सांगितलं की आपल्या दरबारानं विलीनीकरण मान्य केलं होतं. तिकडं १९४७ च्या भारतात सामील होण्याच्या कागदात संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण एवढेच विषय दिले होते, विलीनीकरणाचा कागद झालाच नाही. आजोबांनी मान डोलावली. तुम्ही मागून अंगठा दाखवलात, ते बघून मी पुढचा मुद्दा विसरले.

लडाखचा मुद्दा राहूनच गेला. लेह आणि कारगिलचे लोक आता एकत्र मागणी करतात, त्यावर पुढच्या खेपेला बोलू.

रोजमेळ अजून माझ्याकडे आहे. बँकेच्या कपाटात ठेवलाय, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. मिरगाच्या आधी आणून देते. ह्या खेपेला तळमजल्याच्या कपाटात ठेवू नका, मामींच्या उतरंडीच्या वर जागा आहे, मी बघून ठेवलीय.

तुमची,
दोन गल्ल्या सोडून राहणारी भाची