गच्चीवरच्या टाकीला मेकॅनिक मिळेल का?

महोदय,

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत ओला कचरा जिरवण्याचे नवे यंत्र घेण्याचा विषय निघाला. त्याला सेन्सर आहेत, रोज किती कचरा जिरला ते मोबाइलवर दिसते म्हणे. जुने यंत्र पार्किंगमध्ये पडून आहे. त्याचा बेल्ट तुटला त्याला दोन वर्षे झाली, विकणारा फोन उचलत नाही. सध्या त्यावर वॉचमनची छत्री वाळते. मी भोसरीत ३४ वर्षे फिटर होतो, म्हणून बोलायला उभा राहिलो. सेक्रेटरी म्हणाले, "काका, हे विषयपत्रिकेवर नाही." म्हणून इथे लिहितो.

माझ्या गच्चीवर २००७ पासून बायोगॅसची टाकी आहे. रचना पुण्यातल्याच, ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या 'आरती' संस्थेच्या डॉ. आनंद कर्वे यांची. २००६ साली त्यासाठी संस्थेला शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. मोठ्या टाकीत जरा लहान टाकी पालथी घातलेली, गॅस साठला की ती वर सरकते. कर्वे मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांची खरी युक्ती टाकीत नाही, खाद्यात आहे. शेण म्हणजे गाईने रवंथ करून सत्त्व काढून घेतलेला माल, त्यात गॅस करणाऱ्या जंतूंना उरते काय? त्यापेक्षा शिळा भात, किडके पीठ, पिचकी केळी घाला. शेणाला जिथे महिना-सव्वा महिना लागतो, तिथे भाताचा गॅस एक-दोन दिवसांत हाती येतो. आमच्या दोघांचा चहा आणि एक कुकर त्यावर निघतो.

पहिल्या वर्षी मात्र ही टाकी मी तीनदा बंद पाडली. होळीला उरलेले पुरण एकदम ओतले. टाकी आंबली, गॅस पेटेना. मग नळीत पाणी साठून ज्योत फडफडायला लागली. शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सुटतो ते तोंड, सिलिंडरच्या गॅसचे, बारीक भोकाचे. बायोगॅसला दाब कमी, ते ड्रिलने मोठे करावे लागते, हे कळायलाच महिना गेला. थंडीत जंतू सुस्तावतात, तेव्हा खाद्य कोमट पाण्यात कालवायचे. मी फिटर, म्हणून निभावले. माझे बघून तिघांनी टाक्या बसवल्या. त्यातल्या दोन आता पाणी साठवायला आहेत.

हाच कचरा फुरसुंगी-उरुळीच्या कचरा डेपोतल्या ढिगाऱ्यात हवेविना कुजला की मिथेन होतो. १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त तापवतो. तोच मिथेन मी चहाखाली जाळतो. नवीन शोध लागायचा राहिलेला नाही, हातात पाना घेतलेला माणूस नाही.

महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल साठवण यांसाठी सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत देते. ती यंत्रणा चालू आहे का, हे दरवर्षी प्रत्यक्ष पाहूनच द्यावी. आमच्या पार्किंगमधल्या यंत्राचा फोटोही कागदावर झकास दिसेल. आणि औंधच्या आयटीआयमध्ये या टाक्या, सौरबंब आणि खताची यंत्रे दुरुस्त करण्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम काढावा. प्रत्येक प्रभागात असे दोन तरुण असले, तर त्यांचे पोटही भरेल. पहिल्या तुकडीला जेट मोठे करायला मी शिकवीन. ड्रिल माझे.

– एक निवृत्त फिटर, कर्वेनगर, पुणे