हेडसेट राहू देत, आहेत ते संगणक जोडा

संपादक महाशय,

शाळेत आभासी जग आणायचे म्हटले की बोलणे डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटच्या खरेदीवर येऊन थांबते. ३६ मुले, चार हेडसेट, प्रत्येकाला पाच मिनिटे: ४५ मिनिटे नुसत्या पाळ्या लावण्यातच संपली! डोळ्यांना हालचाल दिसते पण कानातल्या तोलाच्या इंद्रियाला ती जाणवत नाही, म्हणून काही मुलांना मळमळते. हे हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीने २०२३ मध्ये वयाची अट १३ वरून १० वर आणली, तीसुद्धा पालकांच्या देखरेखीखालील खात्यापुरती. आणि स्पिरिटने पुसली तर भिंगे खराब होतात, ते वेगळेच.

त्यापेक्षा ‘लुआंटी’ (२०२४ पर्यंत ‘माइनटेस्ट’) हे पडद्यावर ठोकळे रचून आभासी जग बांधायचे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते जुन्या संगणकांवरही चालते. शिक्षकांचा संगणक सर्व्हर करायचा आणि बाकीचे लॅबमधल्या स्विचवरून जोडायचे. इंटरनेट लागत नाही. मात्र विंडोजच्या फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ३०००० (लुआंटीचा जोडणीचा मार्ग) मोकळा केला नाही, तर मुलांना सर्व्हर सापडतच नाही. ५.८ आवृत्तीपासून ‘माइनटेस्ट गेम’ हा ठोकळ्यांचा मूळ संच सोबत येत नाही; तो पेनड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवावा. सर्वांत महाग पडते ती तिसरी चूक. ‘रोलबॅक’ची, म्हणजे कोणी काय बदलले ते उलटवण्यासाठीची, नोंद मुळात बंद असते. ती चालू न करता तास घेतला आणि एकाने दुसऱ्याचे बांधकाम फोडले, तर ते परत आणता येत नाही. चित्र अडखळत असेल, तर दृश्याचे अंतर १९० वरून ६० वर आणावे.

बांधायचे काय? ताजमहाल नको, गावचे खाजन (खाडीकाठी बांध घालून राखलेली शेतजमीन) बांधा. इथला एक ठोकळा म्हणजे एक मीटर. बांधाची लांबी-उंची, पोंय (बांधाच्या आतले तळे) आणि मानशीचे (बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचे) दार मुलांनी आधी जागेवर मोजून कागदावर आणावे, मग गटागटाने उभारावे.

फसगत होते ती पडद्यावरच्या पाण्यात. एका स्रोतापासून (पाण्याच्या मूळ ठोकळ्यापासून) पाणी साधारण सात ठोकळे पसरते आणि थांबते. त्याला दाब नाही, भरती नाही. दोन स्रोतांमध्ये एक ठोकळा रिकामा राहिला की तिथे तिसरा स्रोत आपोआप तयार होतो. म्हणून फुटलेल्या बांधातून शेतात शिरलेले पाणी ओसरतच नाही आणि मुले भलतेच शिकतात. बांधाच्या आत ‘रिव्हर वॉटर’चा ठोकळा वापरावा, तो स्वतःहून वाढत नाही आणि पसरतोही थोडाच. भरतीच्या दाबाने मानशीचे दार मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते, हे मर्म मात्र पडद्यावर उतरत नाही. त्यासाठी मुलांना एकाच दिवशी भरतीला आणि ओहोटीला, अशी दोनदा मानशीवर न्यावे लागेल.

गोव्यातल्या शाळांत कोडिंग-रोबोटिक्स योजनेतले संगणकशिक्षक आहेत. त्यांच्या प्रशिक्षणातला एक दिवस शिक्षण खात्याने यासाठी द्यावा, ही विनंती.

एक संगणकशिक्षक, डिचोली